चौथ्या खिडकीचं माप

१

माझी सूनबाई हॉस्पिटलात नर्स आहे, आणि रात्रपाळी तिच्या कपाळी कायमचीच. सकाळी सव्वाआठला घरी येते, आंघोळ करते, दोन घास पोटात ढकलते आणि दहाला पाठ टेकते. संध्याकाळी सहाला मी तिला उठवते. मुलगा बोटीवर, वर्षातून दोनदा उगवणारा. नात शिकायला बाहेरगावी. म्हणजे दहा ते सहा या घरात आम्ही दोघीच, मी आणि तिची झोप.

ती झोप राखायचं काम माझं. दारावरच्या घंटीची वायर मी उपटून ठेवलेली. कुकर नऊच्या आत उतरलेला. फोन माझ्या उशीखाली. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यातून चपला फटफटवत उतरायची, तिला मी एकदा असं काही बोलले की ती अजून चपला हातात घेऊन उतरते. भाजीवाल्याला आमच्या खिडकीखाली ओरडायची बंदी. त्याने ती कधी मान्य केली नाही, पण पाळतो.

मग समोरच्या इमारतीला काचा बसल्या. आख्खी भिंतच काचेची. तोवर आमच्या वाट्याला एक सूर्य होता, आता दोन झाले. सकाळी खरा, दुपारी काचेतला. सूनबाईची खोली कोपऱ्यातली. दोन खिडक्या रस्त्याकडे, एक बाजूच्या बोळाकडे. चौथ्या बाजूला एका विटेची भिंत, आणि भिंतीपलीकडे माझं स्वयंपाकघर. पलंग त्या भिंतीला लागून.

पडदे दुहेरी केले. त्यावर चादरी टांगल्या. काचांना जुने कागद चिकटवले, ते उन्हाने सुकून रोज दुपारी एकेक गळून पडायचे. सूनबाई वैतागून म्हणाली, "आई, भिंतीकडे तोंड केलं तरी डोळ्यांवर उजेड येतो."

"भिंतीतून कसा येईल गं? डोळे मीट की."

"मिटलेलेच असतात."

मी हसले तेव्हा. माझी ती पहिली चूक.

एक दिवस ती कामावरून आली आणि माठाशी उभी राहिली. हातात पेला, पण पाणी घ्यायचं विसरली. म्हणाली, "आज सहा नंबरच्या खाटेचं इंजेक्शन मी नऊ नंबरच्या हातावर धरलं होतं. आयाबाईंनी मनगट पकडलं म्हणून. मेट्रन म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर कागद वर जाईल." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "नोकरी जाईल याची भीती नाही हो, आई. माझ्या हातून कुणी तरी मरेल."

नातीला फोन लावला. ती म्हणाली, "आजी, आतून लाकडी झडपा बसवून घे. बंद केल्या की खोली डब्यासारखी काळोखी. पण साधा सुतार नको बोलावूस, त्यातला स्पेशालिस्ट बघ."

"स्पेशालिस्ट? खिडकीला काय ताप आलाय?"

"आजी!"

तिने तीन जणांचे नंबर दिले. मला लिहिता-वाचता येत नाही, पण नंबर एकदा ऐकला की माझ्या डोक्यातून हलत नाही. तीनही पाठ झाले.

२

सूनबाई यायच्या आधी माप घेऊन जा, म्हणून सकाळी सातला बोलावलं. पहिला आला तिसऱ्या दिवशी, पावणेआठला. कानात ते फोनवर बोलायचं बोंडूक, एक पाय दारात आणि एक जिन्यात. मी मनात त्याचं नाव घाईवाला ठेवलं.

"आजी, खोली कुठली? दाखवा पटकन, मला अजून चार ठिकाणी जायचंय."

खोली दाखवली आणि मी चहा टाकायला आत आले. भिंतीपलीकडून त्याची टेप सर्रकन बाहेर येत होती, सर्रकन आत जात होती. मधेच त्याचं बोलणं. "धरा हं... जरा वर... बस, बस." फोनवर दुसऱ्या कुणाला तरी कामाचं सांगत असेल, असं मी धरून चालले.

बाहेर येऊन त्याने वही मिटली. "चार खिडक्या. तीन सारख्या, एक लहान, दीड बाय दीड."

"तीन."

"चार, आजी."

"चाळीस वर्षं मी त्या खोलीच्या काचा पुसतेय! तीन आहेत."

"मी आत्ता मोजून आलो ना."

मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला खोलीत नेलं. ही एक. ही दोन. ही तीन. चौथी दाखव. तो पलंगाच्या बाजूच्या भिंतीपाशी गेला. पिवळा रंग, एक खिळा, खिळ्यावर कॅलेंडर. त्याने भिंतीकडे बघितलं, वहीकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे. घाईवाला इतका वेळ एका जागी उभा राहील असं मला वाटलं नव्हतं.

"इथेच तर..." एवढंच म्हणाला. कानातलं बोंडूक काढून खिशात टाकलं, तर त्याची वायर तुटलेली, नुसतीच लोंबत होती. मला म्हणाला, "हे कालपासून बंदच आहे," आणि मी काही विचारलंही नव्हतं.

चहा न पिताच गेला. नंतर अकरा वेळा फोन केला. उचलला नाही.

मी म्हटलं, गिऱ्हाईक अडाणी दिसलं की एकाचे दोन करायचे, ही यांची जुनी खोड. चौथीचं सामान आपल्या माथी मारायचं होतं, पकडला गेला, पळाला. मला राग आला आणि रागात बरं वाटलं.

३

दुसरा शोरूमचा. कडक उन्हात कोट. हातात लाकडाच्या नमुन्यांचं जाडजूड पुस्तक, पाऊण तास त्यातली पानं उलटत मला सागवान आणि बिगरसागवान समजावत बसला. मी म्हटलं, "दादा, मला अंधार हवाय, लग्नाचा शालू नकोय."

"आजी, अंधारातही प्रकार असतात."

अशा माणसाला काय बोलणार? त्याला खोलीत पाठवलं आणि या वेळी मी चहाच्या नादी लागले नाही, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिले. कान तिकडेच. तो गोड आवाजात कुणाशी तरी बोलत होता. "हो, हो. नक्की. तसंच करू." मला वाटलं, याचाही फोनच.

दहा मिनिटांनी बाहेर आला आणि हसून म्हणाला, "झालं. चार झडपा. पलंगाकडची अडीच बाय अडीच. वहिनी म्हणाल्या, तीच आधी करा, तिचाच त्रास जास्त आहे."

"कोण वहिनी?"

"आत आहेत त्या. टेपचं टोक धरलं त्यांनी."

"आत कुणी नाही."

तो समजूतदारपणे हसला, म्हाताऱ्या माणसांशी हसतात तसं. तेवढ्यात दारात किल्ली फिरली आणि सूनबाई आत आली. खांद्याला पिशवी, डोळे खोल गेलेले, हॉस्पिटलचा वास. तिने चपला काढल्या. कोटवाल्याने तिच्याकडे बघितलं, मग खोलीच्या दाराकडे, मग माझ्याकडे.

"ह्या नाहीत," तो म्हणाला.

नमुन्यांचं पुस्तक माझ्या टेबलावरच राहिलं. जिन्यातून धावत उतरल्याचा आवाज आला. कोट घालून कुणी इतकं धावतं का?

"कोण होता?" सूनबाईने विचारलं.

"कामचुकार," मी म्हटलं.

ती दहाला झोपली, म्हणजे आडवी झाली. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन भिंतीसमोर उभी राहिले. फळीवर डब्यांची रांग, मिठाची बरणी. सगळे डबे उतरवून भिंत उघडी केली आणि वीत वीत करून चाचपली. कुठे भेग नाही, ओल नाही, पोकळ आवाज नाही. बोटाने ठोकलं, एका विटेच्या भिंतीवर वाजावं तसंच वाजलं.

पण एक गोष्ट मला सोडेना. पहिल्याने दीड सांगितलं. दुसऱ्याने अडीच. दोघांची ओळख ना पाळख. खोटंच बोलायचं तर दोघांनी एकाच भिंतीचं का बोलावं? आणि बोलले ते बोलले, मधल्या आठ दिवसांत खिडकी फूटभर वाढली कशी?

४

तिसरा म्हातारा. कानावर पेन्सिल, अंगात खडीच्या रंगाचा सदरा, बोलणं मोजून मापून. पहिल्यांदाच कुणी तरी दिलेल्या वेळेला आलं होतं, म्हणून मी अर्धी तर तिथेच विरघळले.

"टोक मी धरणार," मी दारातच सांगितलं.

"धरा की."

रस्त्याकडच्या दोन खिडक्या, बोळाकडची एक. मी टोक धरलं, त्याने आकडा वाचला, पेन्सिलीने लिहिला. तीन झाल्या. मी टोक सोडलं आणि दाराशी जाऊन पदराने हात पुसत उभी राहिले. संपलं, म्हटलं मनात. सुटले.

तो पलंगाला वळसा घालून भिंतीपाशी गेला. डावीकडे टेपची डबी दाबून धरली, पट्टी उजवीकडे सोडली.

"धरा," तो म्हणाला.

मी दारात होते. दोन्ही हात माझ्या पदरात. पट्टी भिंतीच्या कडेने सरळ गेली आणि थांबली. लोखंडी पट्टी ताठ राहू शकते, हे मला माहीत आहे, मी काही दुधखुळी नाही. पण ताठ राहणारी पट्टी टोकाशी थोडी तरी लवते. ही लवली नाही.

"जरा खाली," म्हातारा म्हणाला. पट्टीकडे डोळे, माझ्याकडे नाही.

टोक बोटभर खाली आलं.

"हां. तीन बाय चार."

"मेस्त्री, ती भिंत आहे."

"आजी, मी माप घेतो. काय आहे ते विचारत नाही. विचारत बसलो तर एकही घर पुरं व्हायचं नाही." टेप सर्रकन आत गेली. "माप देणारा देतो, मी घेतो."

"तीनच करायच्या. ऐकलंत? तीन. चौथी आणलीत तर जिन्यातूनच परत पाठवीन."

"कागदावर सगळं लिहितो," तो म्हणाला. बाहेर टेबलाशी बसून त्याने संथपणे लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. नात सांगून थकली होती, आजी, कशावरही अंगठा देऊ नकोस, फोटो काढून मला पाठव. पण आयुष्यभर मी माणसाच्या तोंडच्या शब्दावर चालले. शब्द माझ्या डोक्यात पक्का, मग कागदाला कशाला भ्यायचं? मी तीन म्हटलं होतं आणि त्याच्या तोंडावर म्हटलं होतं. शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि दिला ठेवून.

खरं सांगायचं तर मला तो कागद लवकर डोळ्यांआड करायचा होता, आणि त्या माणसालाही.

५

तीन आठवडे "उद्या". उद्या लाकूड येतंय. उद्या रंग वाळतोय. उद्या टेम्पो मिळतोय. माझ्या तोंडाला फेस आला. तिकडे सूनबाई बसमध्ये डोळे उघडे ठेवून झोपायला लागली आणि तीन थांबे पुढे जायला लागली. एकदा तिला माझ्या खोलीत झोपवून बघितलं. खाली रिक्षांचा थांबा, चार वाजता उशी काखेत मारून परत आपल्या खोलीत गेली. मेट्रनने दुसऱ्यांदा बोलावून घेतलं. यावेळी चूक औषधाची नव्हती, नोंदीची होती, तरी बोलावलं. सूनबाईने घरी येऊन सांगितलं नाही. ती पिशवी आवरत असताना तिने स्वतःच्या तळहातावर पेनाने लिहिलेलं मला दिसलं. मी वाचू शकत नाही, पण तेच तेच अक्षर पाच वेळा लिहिलेलं मलाही कळतं. विचारलं तर म्हणाली, "माझं नाव आहे. काल आठवेना."

त्या दिवशी मी म्हाताऱ्याला फोनवर जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. पण दुसऱ्या सकाळी तो आला.

झडपा चार.

"मी तीन सांगितल्या होत्या!"

त्याने कागद उलगडला. "अंगठा तुमचा."

"अंगठ्याला काय डोळे असतात?"

त्याने कागद पुन्हा खिशात घातला. तीन खिडक्यांना चौकटी बसवल्या, बिजागऱ्या ठोकल्या, पट्ट्या वर-खाली करून दाखवल्या. काम सुरेख होतं, नाव ठेवायला जागा नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. चौथी झडप त्याने भिंतीला टेकवून ठेवली. "न्या परत," मी म्हटलं. "मापाची वस्तू परत जात नाही," तो म्हणाला आणि अवजारं गोळा करून जिना उतरला.

सूनबाई आली. तीनही झडपा लावल्या. भर सकाळी खोलीत हात पुढे केला तर हात दिसेना. ती अंधारात हसली, कित्येक दिवसांनी. "आई, तुमचे उपकार."

"आधी झोप. उपकार नंतर."

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर खुर्चीवर बसले. पाव तास झाला. मग आतून, रडवेल्या आवाजात, "आई... उजेड."

मी आत गेले. खोली काळी कुळकुळीत. आणि त्या काळोखात सूनबाईचा चेहरा, फक्त चेहरा, दुपारच्या उन्हात बसल्यासारखा लख्ख. तिच्या पापणीचा केस न् केस मोजता आला असता. उजेडाची कड तिच्या गळ्यावर रेषेसारखी सरळ कापलेली, खिडकीतून येणारं ऊन कापलेलं असतं तशी. मी भिंतीकडे बघितलं. भिंत काळी होती. तिच्यात काही नव्हतं. उजेड तिथून येत होता आणि तिथे नव्हता.

मग तिच्या चेहऱ्यावरून एक सावली गेली. डावीकडून उजवीकडे, संथ. खिडकीसमोरून कुणी तरी चालत जावं तशी.

मी स्वयंपाकघरात धावले. डबे जागेवर. कुणी नाही. परत आले तोवर सावली उलट दिशेने परतत होती.

मी फोन लावला. म्हटलं, "मेस्त्री, या. चौथी बसवा."

त्या माणसाला एकदा तरी आश्चर्य वाटावं, अशी माझी फार इच्छा होती. "बरं," म्हणाला.

६

सूनबाईला शेजारणीकडे बसवलं आणि त्याने कोऱ्या भिंतीत भोकं पाडली. विटेचा लाल भुगा सूनबाईच्या उशीवर पडला. खिळा उपटून कॅलेंडर माझ्या हातात दिलं, चौकट बसवली, झडप बसवली. मी झडप उघडून बघितली. मागे आमचीच पिवळी भिंत, खिळ्याचं भोक. झडपेच्या पाठीला, भिंतीकडच्या बाजूला, पितळेची एक छोटी कडी.

"कडी उलट्या बाजूला लावलीत. इकडून बंद कशी करायची?"

"कागदावर तसंच आहे. चौथीची कडी पलीकडून. माप देताना सांगितलं होतं."

"मी नाही सांगितलं."

"तुम्ही नाही," तो म्हणाला.

"इकडून एक बसवा. आत्ता."

"कडी आणलेली नाही. उद्या येतो."

सूनबाई झोपली. मी खुर्ची घेऊन खोलीतच बसले. झडप नुसती लोटलेली होती. अंधार, तिचा श्वास, रस्त्यावरचा दूरचा आवाज. मग भिंतीकडून हलकेच, जपून केल्यासारखं, खट्.

मी उठून झडप ओढली. ती लागलेली होती.

आणि सूनबाई झोपली हो. चेहऱ्यावर उजेड नाही, सावली नाही. आठ तास कूस बदलली नाही. सहाला पुन्हा खट्, झडप सैल झाली, मी उघडली तर मागे भिंत. सूनबाई डोळे चोळत म्हणाली, "आई, आज मी जिवंत झाले."

काय करणार होते मी? पंधरा दिवसांत तिचे गाल भरले. आंघोळ करताना गुणगुणायला लागली. मेट्रनने तिला चहा पाजला म्हणे. रोज दहाला खट्, सहाला खट्. एवढा वेळेचा पक्का माणूस मला त्या सगळ्या कामकऱ्यांत एकही मिळाला नव्हता. मी स्वतःला सांगितलं, लाकूड उन्हाने तापतं, फुगतं, थंडावतं, कडी आपसूक पडते. सांगितलं आणि बरेच दिवस ऐकलंही.

म्हाताऱ्याला मात्र रोज फोन. इकडून कडी. "उद्या, आजी."

७

मग एक दिवस सहा वाजले आणि कडी वाजली नाही.

मी हाक मारली. "सूनबाई, ऊठ गं." नाही. खांदा हलवला. नाही. श्वास संथ, अंग ऊबदार, पण मी जणू ओंडका हलवत होते. सव्वासहाला खट् झालं आणि तिने त्या क्षणी डोळे उघडले. "किती छान झोप लागली होती," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेसहा. मग पावणेसात. तिला सव्वासातला निघावं लागतं. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले, कानाशी पातेलं वाजवलं. मी, जिने दोन-तीन वर्षं या घरात चमचा पडू दिला नव्हता, मी पातेलं वाजवलं. ती कडी पडेपर्यंत उठली नाही.

"आई, तुम्ही मला वेळेवर उठवत नाही," ती केस विंचरताना म्हणाली, जरा चिडून.

"आज ती झडप उघडीच ठेव," मी म्हटलं.

"नको! आई, नको हां. हात लावू नका तिला." असं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

ती कामावर गेल्यावर मी बिजागऱ्यांकडे मोर्चा वळवला. सुरीच्या टोकाने एकेक स्क्रू काढला. सहाच्या सहा काढून वाटीत ठेवले. मोकळी झडप चौकटीत तशीच उभी राहिली. ओढली, खांदा लावला, हलेना. तिला इकडून धरून ठेवणारं आता काहीच उरलं नव्हतं.

म्हाताऱ्याला फोन केला. "मेस्त्री, पाया पडते. आज या."

"आजी, मी येऊन काय करणार? तिकडून कडी काढायला सांगा."

"कुणाला सांगू?"

त्याने फोन ठेवला.

८

त्यानंतरच्या दिवशी सूनबाई दहाला झोपली. मी म्हटलं होतं, आज माझ्या खोलीत झोप. म्हटलं होतं, आज सुट्टी घे. तिने पिशवी खुंटीला अडकवली आणि हसत आत गेली. घरी यायची वाट बघणारी बाई घरात शिरते तशी ती त्या पलंगावर शिरली. खट् झालं तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते.

सहा. साडेसहा. सात. बाहेर अजून उजेड होता, रस्त्याकडची झडप मी उघडून टाकली होती, समोरच्या काचांतलं लाल ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. सव्वासात. तिला काखेत धरून ओढायला गेले, माझीच कंबर गेली. फोन वाजला. मेट्रन. "निघाली का?"

"निघाली," मी खोटं बोलले. "वाटेतच असेल."

मग मी पलंगावर गुडघा टेकला, सूनबाईच्या अंगावरून वाकले आणि दोन्ही मुठींनी झडपेवर मारायला लागले. कुणाला मारतेय हे मला कळत नव्हतं. पलीकडे माझेच डबे खडखडायला हवे होते. एकही वाजला नाही.

"उघडा!" मी ओरडले. "उठू दे तिला. तिचं काम आहे. माणसं वाट बघतायत तिची. उघडा हो!"

मी थांबले, दम लागला म्हणून. कपाळ लाकडाला टेकलं होतं. लाकूड ऊबदार होतं.

लाकडाच्या दुसऱ्या बाजूला, माझ्या कपाळाइतकंच जवळ, कुणी तरी थकलेल्या, वैतागलेल्या, म्हाताऱ्या बाईच्या आवाजात म्हणालं,

"बाई, हळू. किती दिवसांनी डोळा लागलाय माझ्या पोरीचा."

आणि माझ्याखाली, इतका वेळ ओंडक्यासारखी पडलेली सूनबाई, झोपेतच वळली. त्या आवाजाकडे.